कर्णे लावलेली प्लिमथ : बंदीच्या काळात घडलेल्या एका एक्झॉस्टचा इतिहास

(थ्रेड)

१९५९. अमेरिकी मोटारउद्योगाचे माहेरघर असलेले डेट्रॉइट शहर. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची वार्षिक राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी येथे भरली होती. पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या, एक इशारा आणि काही सेकंदांत निकाल. सफाईने रंगवलेल्या, झगमगत्या गाड्यांच्या त्या गर्दीत एक विचित्र वाहन उभे होते.

ती १९४९ सालची प्लिमथ कूपे होती. कचेरीत जाणाऱ्या फिरत्या विक्रेत्याने वापरावी अशी, दहा वर्षे जुनी, बोजड गाडी. तिचा सांगाडा मात्र जमिनीपासून कमालीचा उंच उचलला होता. इंजिनाच्या वर कार्ब्युरेटरपर्यंत रबरी नळ्यांचा मनोरा चढला होता. आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांची तोंडे कर्ण्यासारखी रुंदावत गेली होती. देवळाच्या नगारखान्यातून एखादे वाद्यपथक चुकून गॅरेजमध्ये शिरावे, तसे ते दृश्य होते.

गाडीचे नाव ‘हाय अँड मायटी’. तोऱ्यात वावरणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत वापरला जाणारा हा शब्दप्रयोग. येथे त्यात उंचीवरची कोटीही होती.

बघे हसले असतील तर नवल नाही. परंतु ही गाडी घडवणारे लोक भंगारात रमलेले हौशी पोरे नव्हते. ते क्रायस्लर कंपनीचे तरुण अभियंते होते. पगार क्रायस्लरचा होता. गाडी मात्र क्रायस्लरची नव्हती. या फरकातच पुढची सगळी गोष्ट दडलेली आहे.

एक्झॉस्ट म्हणजे धूर बाहेर टाकणारी नळी, एवढीच समजूत सर्वसाधारणपणे असते. आपल्याकडे तर संपूर्ण व्यवस्थेला ‘सायलेन्सर’ म्हणून मोकळे होतात. इंजिनापासून निघणारा तिचा पहिला भाग म्हणजे मॅनिफोल्ड. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत तो बहुधा बिडाचा, ओतीव असे. एका बाजूच्या चारही सिलिंडरांचा धूर एकाच आखूड पेटीत ओतायचा आणि पुढे ढकलायचा, अशी त्याची रचना. स्वस्त, मजबूत, टिकाऊ. दोष इतकाच की एका सिलिंडरने फेकलेला दाब शेजारच्या सिलिंडराच्या तोंडावर जाऊन आदळतो.

हेडर म्हणजे याच भागाचा घरगुती पर्याय. प्रत्येक सिलिंडराला पोलादी पत्र्याची स्वतंत्र नळी, शक्यतो सारख्या लांबीची आणि सौम्य वळणांची. पुढे या नळ्या एकत्र येतात किंवा तशाच मोकळ्या सोडल्या जातात.

पहिली पायरी अडथळा कमी करण्याची होती. ती समजायला शास्त्र लागत नाही. दुसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे, आणि प्लिमथचे कर्णे तिच्याशी संबंधित आहेत.

एक्झॉस्टची झडप उघडते, तेव्हा सिलिंडरातील तप्त वायू नळीत धडकतो. त्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. ही लाट वायूच्या आधी पोहोचते, कारण ती ध्वनीच्या वेगाने जाते. आणि तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग साध्या हवेतल्या सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंदाऐवजी ५०० मीटरच्याही पुढे जातो. नळीच्या मोकळ्या तोंडाशी पोहोचल्यावर लाट नुसती विरून जात नाही. तिचा काही भाग उलटून परत येतो, आणि उलटताना स्वभाव बदलतो. गेली तेव्हा ती दाबाची होती; परतते ती ओढीची होऊन.

आता इंजिनाच्या चक्रातला एक क्षण लक्षात घ्यावा. धूर बाहेर टाकण्याचा टप्पा संपत आलेला असतो आणि ताजे मिश्रण आत घेण्याचा टप्पा सुरू होत असतो. त्या संधिकाळात दोन्ही झडपा थोडा वेळ एकदम उघड्या राहतात. नेमक्या त्याच वेळी ओढीची लाट परतली, तर ती उरलासुरला धूर खेचून काढते आणि त्यामागोमाग ताजे मिश्रणही आत ओढून घेते. पिस्टन खाली सरकण्याआधीच सिलिंडर भरू लागतो. कोणताही पंप नाही, कोणताही फिरता भाग नाही. फक्त नळीची लांबी.

ढोबळ हिशेब असा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत आहे. म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिसेकंद. समजा, परतणारी लाट क्रँकशाफ्ट १२० अंश फिरेपर्यंत झडपेपाशी हवी आहे. त्यासाठी मिळतात सुमारे ३.३ मिलिसेकंद. सेकंदाला ५२० मीटर वेगाने लाट तेवढ्या वेळात साधारण १.७३ मीटर जाईल. हे अंतर जाण्यायेण्याचे, म्हणून नळी त्याच्या निम्मी : जवळपास ८७ सेंटिमीटर.

वेग ३००० फेऱ्यांवर आणला, तर तीच नळी दुप्पट लांब हवी. आणि ६००० फेऱ्यांसाठी कापलेली नळी दुसऱ्या एखाद्या वेगाला नेमके उलटे करते; चुकीच्या क्षणी चुकीची लाट पाठवून धूर परत आत ढकलते. सनई वाजवणाऱ्याला बोटे असतात, तो छिद्रे झाकून-उघडून हवेच्या स्तंभाची लांबी बदलतो. हेडरला बोटे नाहीत. त्याला एकच सूर येतो.

म्हणूनच कर्णे. नळीचे तोंड एकदम संपण्याऐवजी हळूहळू रुंदावत गेले, तर लाट एका ठिकाणाहून न परतता उतरंडीवरून थोडी थोडी परतते. ओढ तितकी तीव्र राहत नाही, पण अधिक वेळ टिकते, आणि इंजिनाच्या वेगाचा थोडा मोठा पट्टा सांभाळला जातो. ब्रिटिश शर्यतीच्या मोटारसायकलींवर असे ‘मेगाफोन’ दुसऱ्या महायुद्धापूर्वीच दिसू लागले होते. प्लिमथवाल्यांनी कर्णा शोधला, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी तो गणित करून एका अवजड अमेरिकी व्ही-८ इंजिनाला लावला.

अमेरिकेत घरी हेडर बनवण्याची परंपरा त्याआधीची, आणि बऱ्याच वेगळ्या वर्गातली.

१९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणत, कारण झडपा वरच्या हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये होत्या. इंजिन स्वस्त झाले, पण धुराची वाट अत्यंत वाईट झाली. ती ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या पोकळ्यांना चाटून बाहेर निघत असे. शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच दार होते. सिलिंडर चार, दारे तीन. इंजिन तापण्याची तक्रार या फोर्डच्या पाचवीलाच पुजलेली होती. तिचे एक मूळ इथे होते.

दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण या जुन्या फोर्ड गाड्या कवडीमोलाने घेत, त्यांचे मडगार्ड काढून टाकत, आणि म्युरॉकसारख्या वाळवंटातील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर पळवत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. घड्याळ आले, नोंदी आल्या, आणि ‘माझी गाडी जास्त पळते’ या वादाला पुरावा लागू लागला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. विश्वासार्ह मोजमाप उपलब्ध झाले, तेव्हा हौसेचे रूपांतर प्रयोगात झाले. एक नळी काढून दुसरी लावल्याने काय फरक पडतो, हे आता कानाने नव्हे तर आकड्याने कळत होते.

म्युरॉकचे तळे युद्धकाळात लष्कराने ताब्यात घेतले. पुढे तिथे एडवर्ड्स हवाईतळ झाला. शर्यती एल मिराज येथे सरकल्या. युद्धावरून परतलेल्या तरुणांपैकी कित्येकांच्या हातात आता वेल्डिंगचे कसब होते आणि बाजारात लष्करी भंगाराचा सुकाळ होता.

अशा कार्यशाळेत हेडर कसा घडे? आधी जाड पोलादी पट्टीची फ्लँज कापायची, तिला धुराच्या दारांबरहुकूम भोके पाडायची. मग नळ्या. सरळ नळी नुसती वाकवली तर वळणाच्या आतल्या अंगाला सुरकुती पडून ती चेपते. म्हणून तिच्यात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडे बुजवून, तापवून वाकवायची. ते जमत नसेल, तर तयार वळणांचे तुकडे कापून जोडायचे. वेल्डिंगची लवचीक सळई दारापासून इच्छित जागेपर्यंत वाकवत न्यायची, म्हणजे नळीची मधल्या रेषेवरची लांबीही मिळे आणि वळणांचा नकाशाही.

आणि मग खरी कसोटी. स्टिअरिंगचा दांडा मध्ये येतो. स्टार्टर मध्ये येतो. नळी चुकवली, तर स्पार्क प्लग काढायला पाना घुसत नाही. कागदावर ८७ सेंटिमीटरच्या चार सारख्या नळ्या काढणे दोन मिनिटांचे काम. त्या बॉनेटखाली बसवणे आठवड्याचे. सुरुवातीला सगळे फक्त ठिपक्याठिपक्यांनी, टॅक मारून जोडायचे, गाडीवर चढवून पाहायचे, काढायचे, पुन्हा कापायचे. पूर्ण वेल्ड करताना फ्लँज एखाद्या निकामी हेडवर घट्ट आवळून ठेवायची, नाहीतर उष्णतेने ती वाकते आणि पुढे गॅस्केटमधून आयुष्यभर फुसफुस चालू राहते.

या कारागिरीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण फ्लॅटहेडवर लाटांचे गणित फार दूर जाऊ शकत नव्हते, कारण दोन सिलिंडर एकाच दारातून बाहेर पडत होते. त्या पोरांनी केले ते मुख्यतः वाट मोकळी करण्याचे काम. गणित पूर्ण करण्यासाठी वेगळे इंजिन हवे होते, आणि ते सोडवू शकणारी माणसेही.

ती माणसे डेट्रॉइटच्या कारखान्यांत बसली होती. अडचण अशी की त्यांना शर्यतीचे नाव काढायची मुभा नव्हती.

१९५५ मध्ये फ्रान्समधील ल माँच्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक लोक मेले. अमेरिकेतही वेगाच्या जाहिरातबाजीवर टीका वाढत होती. अखेर जून १९५७ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला : सभासद कंपन्यांनी वेगाच्या स्पर्धांत भाग घेऊ नये, त्यांना मदत करू नये, आणि जाहिरातींत वेगाचा व ताकदीचा डांगोरा पिटू नये.

काही कंपन्यांनी हा ठराव मागच्या दाराने मोडला, हे उघड गुपित होते. पण एखाद्या नवख्या अभियंत्यासाठी त्याचा अर्थ सरळ होता. शर्यतीच्या इंजिनावर कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या पैशाने काम करता येणार नाही. आणि अति वेगाने फिरणाऱ्या इंजिनात नेमके काय घडते, हे शिकण्याची सर्वात चांगली शाळा तर शर्यत हीच होती.

क्रायस्लरच्या तरुणांनी काढलेली पळवाट साधी होती. त्यांनी क्लब काढला. सुट्टीचा वेळ आपला, खिसा आपला, गाडी जुनी आणि आपली. बंदी कंपन्यांवर होती. शनिवारी-रविवारी गॅरेजमध्ये काय करावे, हे कोणताही ठराव सांगू शकत नव्हता.

क्लबचे नाव ‘रॅमचार्जर्स’. इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या लाटा जुळवून सिलिंडर अधिक भरण्याच्या तंत्राला ‘रॅम’ म्हणत. नाव तिथूनच आले. लाटांचा हा विचार आत येणाऱ्या हवेलाही लागू होतो आणि बाहेर पडणाऱ्या धुरालाही. या मंडळींतील एक प्रमुख नाव टॉम हूवर. ते मुळात भौतिकशास्त्राचे पदवीधर. नळीतल्या हवेच्या स्तंभाकडे वाद्य म्हणून पाहायला अशा माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

‘हाय अँड मायटी’त त्यांनी क्रायस्लरचे ३५४ घनइंची हेमी इंजिन बसवले. अर्धगोलाकार ज्वलनकक्ष, मोठ्या झडपा, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक सिलिंडराला स्वतःचे धुराचे दार. फ्लॅटहेडची मूळ अडचण येथे नव्हती. वर उंच नळ्यांचा मनोरा होता, कारण आत येणाऱ्या हवेच्या नळ्यांनाही ठरावीक लांबी लागते, आणि ती बॉनेटखाली मावत नव्हती. मग बॉनेटची पर्वा करायची कशाला? खाली कर्णे. इंजिनाची दोन्ही टोके एकाच विचाराने बांधलेली होती.

गाडी उंच उचलण्यामागेही हिशेब होता. गुरुत्वमध्य वर गेला की झेप घेताना वजन मागच्या चाकांवर अधिक पडते, आणि चाके जागच्या जागी फिरत राहण्याऐवजी रस्ता पकडतात. हे वळणाच्या रस्त्यावर आत्मघातकी ठरले असते. पाव मैलाच्या सरळ रेषेत ते शहाणपणाचे होते. हेडरचेही तसेच. त्याला एकच सूर येतो, हा रोजच्या गाडीत दोष; पण ड्रॅग शर्यतीत चालक इंजिनाला त्याच अरुंद पट्ट्यात ठेवतो, त्यामुळे तेथे तो दोष उरत नाही. या प्रयोगासाठी ड्रॅग शर्यत निवडली जाणे योगायोगाचे नव्हते.

व्ही-८ इंजिनाची आणखी एक खोड येथे सांगितली पाहिजे, कारण घरी हेडर बनवणारा प्रत्येक जण तिच्याशी झगडला आहे. क्रायस्लरच्या व्ही-८ चा प्रज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे सिलिंडर एका बाजूला, सम आकड्यांचे दुसऱ्या बाजूला. क्रम पुन्हा वाचला तर दिसेल की ५ आणि ७ लागोपाठ पेटतात, आणि दोघेही एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूला ८ आणि ४ ची तीच कथा. त्यामुळे एका बाजूच्या धुराचे ठोके समान अंतराने पडत नाहीत; कधी ९० अंशांवर, कधी १८०, कधी २७०. अमेरिकी व्ही-८ ची ती ओळखीची, अडखळती गुरगुर याच विषमतेतून येते. चाहत्यांना ती संगीत वाटते. हेडर बांधणाऱ्याला ती डोकेदुखी असते, कारण चारही नळ्या एकत्र केल्या, तर लागोपाठचे दोन ठोके एकमेकांच्या मार्गात येतात.

यावरचा सर्वात खटाटोपाचा उपाय फोर्डने जीटी ४० या शर्यतीच्या गाडीत पुढे वापरला. दोन्ही बाजूंच्या नळ्या इंजिनावरून आडव्या नेऊन, विरुद्ध बाजूच्या योग्य नळ्यांशी जोडल्या, म्हणजे ठोके समान अंतराने पडतील. गुंता असा दिसे की त्याला ‘सापांचे वेटोळे’ हे टोपणनाव पडले. ज्याने कधी एक हेडर हाताने जोडला असेल, त्याला ते छायाचित्र पाहून वेल्डरची दया येईल.

‘हाय अँड मायटी’ सी/अल्टर्ड गटात धावली आणि तिने आपल्या गटात धाक निर्माण केला. तरीही ती विजयांसाठी महत्त्वाची नाही. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या त्या काळी होत्या. तिचे महत्त्व तिने कोणाला काय शिकवले, यात आहे. सोमवारी सकाळी हीच माणसे कारखान्यातल्या आपल्या टेबलांशी परत जात होती.

क्रायस्लरच्या विक्रीच्या गाड्यांतही लाटांचे गणित याच सुमारास उतरले. १९६० सालच्या क्रायस्लर ३०० एफ मध्ये हवा आत नेणाऱ्या नळ्या ३० इंच लांब होत्या, आणि त्या इंजिनावरून आडव्या पसरल्या होत्या. एवढी लांब नळी मध्यम वेगाला जोर देते. महामार्गावरच्या आलिशान गाडीला तेच हवे होते. शर्यतीला नेमके उलटे हवे : आखूड नळी, चढा वेग.

जून १९६२ मध्ये हेन्री फोर्ड दुसरे यांनी आपली कंपनी १९५७ चा ठराव यापुढे मानणार नाही, असे जाहीर केले. पाच वर्षे कागदावर जगलेली बंदी मोडून पडली. त्याच वर्षी क्रायस्लरने डॉज आणि प्लिमथ गाड्यांसाठी ४१३ घनइंची ‘मॅक्स वेज’ इंजिन विक्रीला आणले. कॉम्प्रेशनच्या प्रमाणानुसार ते ४१० किंवा ४२० अश्वशक्तीचे होते. आणि रॅमचार्जर्स आता डॉजच्या नव्या गाड्यांतून उजळ माथ्याने धावू लागले.

या पाच वर्षांत ज्ञान कोणी सांभाळले, या प्रश्नाला ‘क्रायस्लरने’ हे उत्तर पुरत नाही, आणि ‘गॅरेजमधल्या हौशी पोरांनी’ हे तर त्याहून नाही. लोकप्रिय लेखनात कारखाना आणि गॅरेज हे दोन वेगळे पक्ष म्हणून रंगवले जातात. एकीकडे सूटबूट, दुसरीकडे ग्रीसने माखलेले हात. रॅमचार्जर्सच्या बाबतीत हात तेच होते. कचेरीच्या वेळेत त्यांना जे करता येत नव्हते, ते त्यांनी सुट्टीत केले, इतकाच फरक. अशा कामाचे दप्तर राहत नाही. साध्या पोलादाच्या नळ्या तर आतून-बाहेरून गंजून काही वर्षांत चाळण होतात. इतिहासकाराच्या हाती उरतात ती छायाचित्रे, स्पर्धांच्या नोंदी, आणि नंतरच्या बिडाच्या वस्तू.

पाँटिअॅकचे उदाहरण या संदर्भात मजेशीर आहे. तिथल्या मंडळींनी ‘सुपर ड्युटी’ इंजिनांसाठी चक्क अॅल्युमिनियमचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढले. वजन वाचले. पण अॅल्युमिनियम धुराच्या तापमानाला फार वेळ टिकत नाही. पाव मैल धावून इंजिन बंद केले तर ठीक, तशीच गाडी रस्त्यावर चालवत राहिले तर मॅनिफोल्ड वितळण्याचा धोका. काही सेकंदांसाठीच जगणारी वस्तू विक्रीच्या यादीत आली होती.

१९६४ च्या फेब्रुवारीत डेटोना ५०० ही शर्यत ४२६ घनइंची नव्या हेमी इंजिनाच्या प्लिमथ गाड्यांनी जिंकली. पहिले तिन्ही क्रमांक प्लिमथचे, आणि पहिला रिचर्ड पेटी. या इंजिनाचे जनक म्हणून टॉम हूवर यांचे नाव घेतले जाते. हेमीवर मोठमोठी पुस्तके आहेत. १९५९ च्या कर्ण्यांच्या वाट्याला त्यांत थोडी जागा येते.

१९६२ च्या मॅक्स वेजचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र नीट पाहण्यासारखा आहे. तो बिडाचा आहे, ओतीव आहे, आणि वजनाला भयंकर आहे. कारखान्याच्या जुन्या पद्धतीतलीच वस्तू. पण आखूड, चौकोनी पेटीचा मागमूस तिच्यात नाही. सिलिंडरांपासून निघालेल्या वेगवेगळ्या वाटा आधी वर उसळतात, इंजिनाच्या बाजूने मोठा बाक घेतात, आणि मग खाली उतरून एकत्र येतात. वाळू भरून वाकवलेल्या नळीचा बाक येथे वाळूच्याच साच्यात ओतून काढला होता, आणि विक्रेत्याच्या दुकानात त्याला सुट्या भागाचा क्रमांक मिळाला होता.